हेल्मेटची हजेरी

"सायेब, ह्यो कागद तेवढा घ्या."

सकाळचे पावणेसात. फाउंड्रीच्या गेटात मी उभा, डाव्या हातात रजिस्टर, उजव्या हातात पेन, आणि समोर सत्तर-ऐंशी सायकलवाल्यांची रांग. कागद पुढं करणारा बाळगोंडा मगदूम. कोअर शॉपमधला, साच्यातले वाळूचे गाभे करणारा जुना कामगार, पन्नाशी उलटलेला, सात किलोमीटरवरच्या गावाहून सायकल मारत यायचा. अख्ख्या रांगेत घरापासून हेल्मेट घालून येणारा तो एकटाच. बाकीचे त्याला 'ओपनिंग बॅट्समन' म्हणायचे.

"पुन्हा अर्ज?" मी म्हणालो.

"तिसरा हाय. आधीचं दोन मिळालं न्हवं?"

"मिळाले हो. बघतो म्हणालो ना तुम्हाला?"

"बगा की. लई मोटं काम न्हाई सायेब. कँटीनमागचं दार नुसतं कुलूप लावून पडलंय. सकाळी अर्धा तास आन् सांजचं अर्धा तास उगडलं तर समद्या सायकली तिकडनं आत जात्याल. हितं ट्रेलर वळाय लागला की मागची चाकं पार खांबापातूर येत्यात. रोज जीव मुठीत धरून शिराय लागतंय."

"डोक्यावर हेल्मेट आहे ना? मग घाबरता कशाला?"

मागचे दोघं-तिघं हसले. मगदूमही हसला. "डोस्क्याचं भ्या न्हाई हो सायेब. ट्रेलर काय डोस्क्यावर चढत न्हाई."

मी त्याच्या नावापुढं टिक केली, कागद रजिस्टरात सारला आणि ओरडलो, "चला, पुढचा!"

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्या फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर होतो. सबनीस साहेब म्हटलं की कामगार विडी विझवायचे, एवढा माझा दरारा. आता सत्तरी ओलांडली. बायको म्हणते, जुनी मढी कशाला उकरताय? तिचंही खरं आहे. पण हे मी तिलाही कधी सगळं सांगितलेलं नाही, म्हणून ती असं म्हणते.

तर हेल्मेटचं कसं झालं ते आधी सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या एका कारखान्याचा माणूस सायकलवरून घरी जाताना हायवेवर गेला. डोक्याला मार लागून गेला. पेपरात आलं, बोभाटा झाला आणि आमच्या पुण्याच्या हेड ऑफिसातून फर्मान सुटलं. मोटारसायकलवाल्यांना होतंच, आता सायकलवाल्यांनाही हेल्मेट सक्तीचं. हेल्मेट नाही तर गेटात पाऊल नाही. कंपनीनं सगळ्यांना पिवळी हेल्मेटं वाटली. आमचे जनरल मॅनेजर रेगे साहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सबनीस, मला शंभर टक्के पाहिजे. नव्व्याण्णव नको."

मी शंभर करून दाखवले. कसे, तेही ऐका. गेटापासून शंभर पावलांवर हौसाबाईची चहाची टपरी. तिनं मांडवाच्या बांबूंना ओळीनं खिळे ठोकून घेतले होते, त्यावर हेल्मेटं टांगलेली. लोक घरून उघड्या डोक्यानं हायवेवरून यायचे, टपरीवर हेल्मेट चढवायचे, शंभर पावलं मिरवायचे आणि माझी टिक घ्यायचे. संध्याकाळी परत खिळ्याला. मला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. त्याच टपरीवर मी चहा प्यायचो, हौसाबाई माझ्यादेखत हेल्मेटांवरची धूळ झटकायची. पण माझ्या रजिस्टरात रस्त्याचा कॉलमच नव्हता. गेटावर डोकं झाकलेलं दिसलं की माझं काम फत्ते.

रेगे साहेबांच्या केबिनबाहेर एक तक्ता लावला होता. त्यावरची हिरवी रेघ दर महिन्याला वर चढायची. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना तिथं उभं करून फोटो काढायचे, आणि साहेब म्हणायचे, "हे आमच्या सबनीसांचं काम." मला काय वाटायचं म्हणून सांगू! घरी आल्यावर चहा पण गोड लागायचा.

आणि मगदूमचे अर्ज? ते माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात होते. वर पाठवलेच नाहीत. कारण सांगायची आज मला लाज वाटते, इतकं ते फालतू आहे. कँटीनमागचं दार उघडलं असतं तर निम्म्या सायकली तिकडून गेल्या असत्या, आणि मी एकटा दोन दारांत उभा कसा राहणार? टिकांचा घोळ झाला असता. टक्का घसरला असता. तेवढ्यासाठी मी सत्तर-ऐंशी माणसांना रोज ट्रेलरच्या वाटेतून आत घेत होतो.

जानेवारीतला गुरुवार होता तो. धुकं होतं, लोक कानाला मफलर गुंडाळून आलेले. रांगेत पुढं इरफान मुल्ला. मोल्डिंगचा तरणा गडी, तोंडाळ. त्यानं मफलरवरून हेल्मेट नुसतं ठेवलेलं, पट्टा लोंबतोय.

"मुल्ला, पट्टा!"

"मफलरवरनं बसत नाही साहेब. आत गेल्यावर काढायचंच आहे की."

"आत गेल्यावर काय करायचं ते मला शिकवू नकोस. मफलर काढ, पट्टा लाव, मग आत."

"साहेब, थंडी बघा की."

"थंडी बघू का नियम बघू?"

त्यानं मफलर सोडायला घेतला, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मी पण चेव आल्यासारखा उभा. माझ्या त्या वादापायी अख्खी रांग गेटाच्या तोंडात थांबली. तेवढ्यात हायवेवरून लोखंडाच्या लाद्यांचा ट्रेलर आला. त्याच्यामागं गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले, वॉचमननं घाईघाईनं त्याला आत यायचा हात केला.

"सायेब, ट्रेलर आला. आमास्नी आत घ्या." मगदूमचा आवाज. मुल्लाच्या मागं तिसरा होता तो, खांबाच्या बाजूला. सायकलच्या दांडीवर बसलेला, एक पाय जमिनीला टेकवून.

मी मान वर केली नाही. रजिस्टरात बघतच म्हणालो, "एक मिनिट थांबा. सगळ्यांना घाई असते."

पुढचं फार पटकन झालं. ट्रेलर वळला. लोक ओरडले, सायकली टाकून उड्या मारून पळाले. मगदूमला एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला मागची चाकं. जमिनीला टेकवलेला पाय त्याला ओढता आला नाही.

त्याच्या डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पिवळं हेल्मेट जसंच्या तसं, पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला. मुल्लानं त्याला मांडीवर घेतलं होतं आणि तोच मफलर पायाला आवळून बांधत होता. बांधता बांधता त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग मान खाली घालून गाठ आणखी आवळली.

गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

संध्याकाळी रेगे साहेबांनी बोलावलं. "सबनीस, हे निस्तरावं लागणार. त्या गेटाबद्दल आधी कुणी काही लेखी दिलं होतं का?"

"नाही साहेब."

विचार करून बोललो असंही म्हणता येत नाही. शब्द तोंडातून गेला, आणि मग परत घेता येईना. रात्री रिपोर्ट लिहिला. 'सायकलवरून प्रवेश करताना कामगाराचा तोल गेला. हेल्मेट परिधान केलेले होते. डोक्यास इजा नाही.' रांग थांबली होती, ती कुणी थांबवली होती, त्यातलं काही नाही. मगदूमचे तिन्ही अर्ज मी घरी नेले आणि सकाळी आंघोळीच्या बंबात घातले. त्या पाण्यानं आंघोळ पण केली.

रिपोर्ट वाचून साहेबांचा चेहरा खुलला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "बघा! हेल्मेट नसतं तर माणूस गेला असता. चार मार्चला सेफ्टी वीक सुरू होतोय ना? ह्यालाच स्टेजवर बोलवू. चार शब्द बोलेल, हेल्मेटनं जीव वाचला म्हणून. तुम्ही लिहून द्या."

"तो तयार होईल का साहेब?"

"त्याच्या मुलीला स्टोअरमध्ये घेऊ. बारावी झालीय म्हणतात. त्याला सांगा तसं. पण कार्यक्रम नीट होऊ दे, मग ऑर्डर."

फेब्रुवारीच्या शेवटी भाषणाचा कागद घेऊन मी मगदूमच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याचा सोपा. कॉटवर तो बसलेला, लुंगीचा अर्धा भाग रिकामा. मला बघून उठायचीच धडपड.

"बसा, बसा. उठू नका," मी म्हणालो.

"सायेब आल्यात, च्या टाक गं," त्यानं आत हाक मारली. मग मला म्हणाला, "लांब पडलं न्हवं तुमास्नी?"

बायकोनं चहा दिला आणि दाराशी उभी राहिली. तिच्यामागं मुलगी, राजमती. अठरा-एकोणीसची असेल. काळीसावळी, उंच, बापासारखं कपाळ.

मी भाषण वाचून दाखवलं. 'सकाळी गेटमधून येताना माझा तोल गेला. परंतु कंपनीने सक्तीचे केलेले हेल्मेट माझ्या डोक्यावर होते, म्हणून आज मी तुमच्यासमोर उभा आहे.' 'उभा' शब्दावर मीच अडखळलो. त्यानं लक्ष दिलं नाही.

"तोल गेला म्हनून लिवलंय व्हय?"

"हो. रिपोर्टात तसंच आहे."

त्यानं एकदा दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "पोरीचं बगतो म्हनलेत न्हवं रेगेसाब?"

"हो. कार्यक्रम झाला की लगेच ऑर्डर."

"मग वाचतो की. वाचाय काय लागतंय?" आणि त्यानं कागद घडी करून उशीखाली ठेवला.

"आप्पा," दारातून मुलगी म्हणाली.

"तू गप ग."

चार मार्चला कँटीनमध्ये मांडव घातला होता. छातीला हिरवे बिल्ले, सुरक्षेची शपथ, मोल्डिंगवाल्यांचं एक नाटुकलं, सगळं यथासांग. प्रमुख पाहुण्या म्हणून सरकारी कारखाने निरीक्षक इनामदार बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या, फार न बोलणाऱ्या. मी पहिल्या रांगेत. दोन खुर्च्या सोडून राजमती आणि तिची आई.

मगदूमला दोघांनी धरून स्टेजवर नेलं. कुबड्या अजून त्याच्या अंगवळणी पडल्या नव्हत्या. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि टोपीवर कुणाच्या तरी हौसेनं हेल्मेट घातलेलं. त्यानं माइक धरला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द सुटा करून वाचलं. माझा तोल गेला, असंही वाचलं. हेल्मेटनं जीव वाचला, असंही वाचलं. टाळ्या पडल्या. रेगे साहेब उभं राहून टाळ्या वाजवत होते.

मी सुटलो म्हणून श्वास सोडतोय तोवर इनामदार बाई उठल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं भाषण पुढं होतं, पण त्या सरळ माइकजवळ गेल्या आणि मगदूमला म्हणाल्या, "काका, बसून बोला." खुर्ची मागवली. तो बसल्यावर म्हणाल्या, "हेल्मेट घातलंत ते चांगलंच केलंत. माणसानं घालावंच. पण तुमचं डोकं धडकलंच नाही, पाय गेला. म्हणून विचारते. येताना मी तुमचं गेट बघितलं. ट्रेलर आणि सायकली एकाच वाटेनं येतात. त्याबद्दल तुम्ही, किंवा कुणीही, आधी कंपनीला काही सांगितलं होतं का?"

मागं सगळे सायकलवाले बसलेले. त्यातल्या निम्म्यांनी त्याला अर्ज देताना बघितलेलं. मुल्ला तर तिसऱ्याच रांगेत.

एक गोष्ट तेव्हाही मला स्वच्छ कळत होती. मी उठून 'दिले होते बाई, माझ्याकडं दिले होते' म्हणालो असतो तर दोन सेकंदांचं काम होतं. माझी नोकरी गेली असती, किंवा नसतीही गेली. तीन वर्षं उरली होती रिटायर व्हायला, घर बांधून झालं होतं, मुलगा मिळवता होता. मी काही उघड्यावर पडणार नव्हतो. तरी उठलो नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

मगदूमनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पलीकडं, आपल्या पोरीकडं बघितलं.

"न्हाई बाईसाब," तो म्हणाला. "कुनी काय सांगितलं न्हवतं. माज्याबी डोस्क्यात कदी आलं न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

मागून कुणीतरी जोरात खाकरलं. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग मान हलवून जागेवर गेल्या. माझ्या दोन खुर्च्यांपलीकडं राजमती बसली होती. तिनं मान वळवली आणि माझ्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर मी नजर फिरवली असती. ती नुसती बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर भजी आणि चहा होता. मगदूमला मांडवाच्या कडेला बसवलं होतं. मी जवळ गेलो. काय बोलायला गेलो होतो कुणास ठाऊक, आभार मानायला की माफी मागायला. दोन्हीतलं काही जमलं नाही.

तोच म्हणाला, "सायेब, बराबर झालं न्हवं?"

"हो. बरोबर झालं."

"कुटं चुकलं तर न्हाई?"

"नाही हो मगदूम. कुठं चुकलं नाही."

"मग त्या ऑर्डरीचं तेवडं बगा." आणि त्यानं हात जोडले. मला, सबनीसला!

ऑर्डर निघाली. रेगे साहेब शब्दाला पक्के होते, एवढं म्हणायला पाहिजे. गेटाच्या खांबावर कंपनीनं एक गोल आरसा बसवला, त्याचाही फोटो निघाला. इनामदार बाईंनी जाताना कागदावर काही शेरे लिहिले होते, पण लेखी तक्रार नाही म्हटल्यावर ते तिथंच राहिले.

एक एप्रिलला राजमती कामावर आली. बापाचीच सायकल घेऊन, त्याचंच हेल्मेट घालून, घरापासून. रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा मी नवीन पान काढून तिचं नाव लिहायला घेतलं.

"राजमती बाळगोंडा मगदूम. हेल्मेट रोज पाहिजे हं. पट्टा असाच नीट."

"हो." मग पुढं वाकून, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "साहेब, ते अर्ज मी लिहिले होते. तिन्ही. आप्पा वाचतात, पण लिहायला बसले की अडखळतात. ते सांगायचे आणि मी लिहायची."

मला मान वर करवेना. पेन कागदावर तसंच टेकलेलं.

"आप्पा म्हणतात, सबनीस साहेबांनी नक्की वर पाठवले असणार, वरच कुणीतरी दाबले. साहेब तसे नाहीत म्हणतात." ती थांबली. "मी परत लिहू का? ह्या वेळी माझ्या नावानं देते. मागचं दार अजून बंदच आहे."

मागं सायकलींच्या घंट्या वाजायला लागल्या होत्या. हायवेच्या बाजूनं ट्रेलरचा हॉर्न ऐकू आला. मी बोललो ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं.

"आत्ताच नको. नवीन आहेस. आधी पर्मनंट हो, मग बघू."

तिनं माझ्याकडं तशाच नजरेनं बघितलं, जसं मांडवात बघितलं होतं.

"बरं," म्हणाली, आणि सायकल ढकलत आत गेली.

पुढची तीन वर्षं, रिटायर होईपर्यंत, मी रोज सकाळी तिच्या नावापुढं टिक केली. दुसऱ्या वर्षी ती पर्मनंट झाली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि 'आता लिही' असं मीही तिला कधी म्हणालो नाही.